पाच ते साडेपाच

वस्तीत त्यांना लहानथोर सगळे वेळकाका म्हणत. चौतीस वर्षं ते बसस्थानकावर काचेच्या खिडकीआड बसून गाड्यांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवत आले होते. कोणती गाडी किती मिनिटं उशिरा आली, का आली, कुणी सांगितलं, सगळं वहीत. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी कुणी "काका, किती वाजले?" म्हटलं की ते घड्याळाकडे न बघता सांगत, आणि विचारणारा पाठमोरा झाला की हळूच घड्याळ बघून खात्री करून घेत. वेळ बहुधा बरोबरच निघे. पण आपण चुकलोच असणार, असं धरून चालायची त्यांना सवय होती.

घरात बोलणं बायकोच्या वाटणीला आलं होतं आणि ऐकणं यांच्या. दोघांनाही ती वाटणी मान्य होती. "भिंतीशी लग्न लावलं असतं तर निदान खुंटी तरी ठोकता आली असती," असं ती चारचौघांत म्हणायची आणि वेळकाका मान खाली घालून हसायचे.

सात महिन्यांपूर्वी, धुतलेल्या चादरीची घडी घालता घालता, तिच्या हातातलं टोक सुटलं. दुसरं टोक वेळकाकांच्या हातात होतं. आधी त्यांना वाटलं, ही चेष्टा करतेय. मग तिचं तोंड एका बाजूला ओढलेलं दिसलं.

पाय महिन्याभरात सावरला. उजवा हात अर्धामुर्धा परत आला. शब्द मात्र आले नाहीत. डॉक्टर समजावून म्हणाले, "त्यांना सगळं कळतं. घर तेच आहे असं समजा, पण कुठली वस्तू कुठे ठेवलीय ते सापडत नाही. शोधू द्या त्यांना. घाई करू नका."

डॉक्टरांनी उदाहरण म्हणून सांगितलं, पण वेळकाकांनी ते शब्दशः मनावर घेतलं. घरातली एकही वस्तू त्यांनी जागची हलवली नाही. तिचा चष्मा खिडकीत, कात्री गादीखाली, बटणांचा डबा चहाच्या डब्याशेजारी. तिने जिथे जे ठेवलं होतं तिथे ते राहिलं, म्हणजे शोधायला निघाली तर निदान घर तरी तिला फसवणार नाही.

तिच्याकडे दोनच शब्द उरले होते. "तेच ते." भूक लागली की तेच ते, राग आला की तेच ते, शेजारच्या सुताराने काही विनोद केला की डोळे बारीक करून तेच ते. वेळकाका चढउतारावरून अर्थ लावायला शिकले. तसं बघितलं तर आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं, आता फक्त शब्द कमी झाले होते.

शहर चार तासांवर. तिथल्या केंद्रात बोलणं परत शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. दर वेळी इतक्या लांब नेणं शक्य नव्हतं, म्हणून मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, संध्याकाळी पाच ते साडेपाच, मॅडम पडद्यावर येत. दिवसभर त्यांच्यापुढे केंद्रातले रुग्ण असत, त्यामुळे हीच एक वेळ होती. लेकीने त्यासाठी शहरातून मोठा टॅब पाठवला होता. वेळकाका पावणेपाचलाच तो टेबलावर दोन पुस्तकांच्या आधाराने उभा करत, तिच्या केसांवरून कंगवा फिरवत आणि शेजारच्या खुर्चीत हात मांडीवर घेऊन बसत.

आणि प्रत्येक धड्याला तेच होई. मॅडम हसून "कशा आहात काकू?" म्हणत आणि चेहरा तसाच थिजे. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, आणि मधोमध गोल गोल फिरणारं चक्र.

एका गुरुवारी मॅडमनी ग्लासचं चित्र दाखवलं. "यात काय आहे काकू? सावकाश सांगा." ती कितीतरी वेळ बघत राहिली. गळ्याची शीर ताणली. डाव्या हाताची मूठ वळली. आणि सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडून नवा शब्द फुटला.

"पा… णी."

वेळकाका खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी पडद्याकडे बघितलं. मॅडम थिजल्या होत्या. ना हसू, ना शाबासकी, नुसतं चक्र. ती त्या गोठलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि वेळकाकांना तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, तिला काय वाटलं ते. तिला वाटलं, चुकलं. काहीतरी भलतंच बोलले, म्हणून समोरची बाई अशी बघतेय.

"अगं, बरोबर आहे! पाणीच म्हणालीस तू!" ते ओरडलेच.

"हॅलो? हां, आला आवाज," मॅडम परत हलल्या. "सॉरी काकू, मधलं काही ऐकू नाही आलं. परत सांगता?"

तिने मान फिरवली. त्या दिवशी नाही, पुढच्या दोन धड्यांतही नाही, ती काही बोललीच नाही. तेच ते सुद्धा नाही.

शेवटी मॅडमनी वेळकाकांना वेगळा फोन केला. "काका, स्पष्ट बोलते, रागावू नका. असं तुटक तुटक शिकवून फायद्याऐवजी तोटा होतोय. महिनाअखेरच्या शनिवारी मी त्यांची चाचणी घेते. तोवर नेट सुधारलं तर ठीक. नाहीतर त्यांना तीन महिने इथे केंद्रात ठेवावं लागेल."

"मी… मी पण येतो की."

"नातेवाइकांना राहता येत नाही, काका. रविवारी भेटता येतं."

तीन महिने. सगळ्या अनोळखी माणसांत, आणि जवळ दोन शब्द. "तेच ते"चे चढउतार तिथे कुणाला कळणार? फोन ठेवून ते वळले तर ती दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

वेळकाकांना जगात एकच गोष्ट येत होती. त्यांनी नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले, आणि गाड्यांच्या जागी नेटची नोंद सुरू केली. लेकीने फोनवर स्पीड मोजायचं ॲप कसं वापरायचं ते शिकवलं. सकाळी सहाला: सहा एमबी. नऊला: साडेपाच. दुपारी दोनला: पाच. साडेचारला: दोन. संध्याकाळी पाचला: पाऊण. सव्वापाचला: अर्धा. शेरा: "मॅडम चार वेळा थिजल्या."

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला की पलीकडचा आवाज म्हणे, "नेटचा डबा बंद करून चालू करा." हे उंटावरून शेळ्या हाकणं आठ दिवस चाललं. शेवटी वेळकाकांनी सहा पानांची नोंद, तारीखवार, सुवाच्य अक्षरात, पोस्टाने पाठवून दिली. पाठवल्यावर वाटलं, उगाच. हसतील लोक.

चौथ्या दिवशी दारात शिडी टेकवून एक बाई उभी राहिली. पंचेचाळिशीची असेल, कमरेला पट्टा, पट्ट्यात पकडी, पायात जाड बूट. तारा दुरुस्त करणारी.

"वहीवाले काका तुम्हीच ना? साहेबांनी तुमची पानं भिंतीवर लावलीत. म्हणाले, जा बाई तू, नाहीतर हा माणूस दर आठवड्याला पाठवेल." ती आत येत म्हणाली, "डबा कुठाय?"

वेळकाका घुटमळले. मग त्यांनी आतल्या खोलीतलं लोखंडी कपाट किल्लीने उघडलं. कपड्यांच्या गठ्ठ्यामागे, स्टीलच्या दोन डब्यांच्या मध्ये, लोकरीची टोपी घातलेला राउटर लुकलुकत होता. कपाटाच्या मागच्या पत्र्याला भोक पाडून तार आत घेतली होती.

तारवाली कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "काका, बावीस वर्षं झाली मला या कामात. डबा माळ्यावर बघितलाय, कोंबड्यांच्या खुराड्यात बघितलाय. पण तुरुंगात टाकलेला पहिल्यांदाच बघतेय. कुणी केली ही अक्कल?"

राउटर आला त्या दिवशी बायको म्हणाली होती, "एवढी महागाची वस्तू उघड्यावर? चोर आधी तीच उचलेल." भोक सुताराकडून पाडून घेतलं होतं आणि धूळ बसू नये म्हणून टोपी तिने स्वतः विणली होती.

"मीच ठेवला," वेळकाका म्हणाले.

मागून धप् असा आवाज आला. बायको दारात उभी होती आणि डाव्या हाताची मूठ स्वतःच्या छातीवर आपटत होती. एकदा, दोनदा. मग नवऱ्याकडे बोट करून तिने जोरजोरात मान हलवली. हा नाही, मी.

तारवालीला कळायला क्षणभर लागला. मग ती खळखळून हसली. "काकू, नवरा तुमचा आळ स्वतःवर घेतोय आणि तुम्ही श्रेय सोडायला तयार नाही होय?"

"तेच ते!" ती म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

"अहो, पत्र्याच्या पेटीतून नेट बाहेर यायचं कसं?" तारवालीने डबा उचलला. "काखेत कळसा नि गावाला वळसा. मोकळ्यावर ठेवा, उंचावर ठेवा, मध्ये लोखंड नको. इथे, बाहेरच्या खोलीत, या पुस्तकांच्या फळीवर."

वेळकाका बायकोकडे बघत राहिले. सात महिन्यांत काही हललं नव्हतं. तिने पुढे होऊन तारवालीच्या हातातून डबा घेतला, टोपी काढून कडेला टाकली आणि डबा स्वतःच फळीवर ठेवला. जरा तिरका वाटला म्हणून परत सरळ केला.

तारवाली मग खांबावर चढली. जुना जॉइंट गंजून हिरवा पडला होता, तो कापून नवा केला. खाली उतरून वहीवर बोट ठेवून म्हणाली, "आता सकाळचं नेट बघा, पळेल. पण संध्याकाळी पाचला काय होतं, ते माझ्या हातात नाही. वस्तीच्या तोंडाशी ती हिरवी पेटी आहे ना, तिथपर्यंत प्रत्येकाची तार वेगळी. तिथून पुढे अठ्ठावीस घरांची वाट एकच, आणि तीही जुन्या तांब्याची. पाचला सगळे कामावरून आले की कुणी सिनेमा लावतं, कुणी मॅच, कुणी लेकीशी बोलतं."

"म्हणजे तीन गाड्यांच्या फलाटावर दहा गाड्या," वेळकाका म्हणाले.

"आता कसं बोललात! फायबर आलं की हे सगळं संपेल. पंचवीस घरांनी अर्जावर सह्या केल्या तर टाकतात. अर्ज दुकानात ठेवून जाते. पण वर्ष धरून चाला."

वेळकाकांकडे बारा दिवस होते.

बारा दिवसांत एकच होण्यासारखं होतं. वस्तीने पाच ते साडेपाच वाट मोकळी सोडायची. पण त्यासाठी कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि वेळकाकांनी उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शेजारी विरजण मागायला सुद्धा बायको जायची. दोन दिवस ते मनात वाक्यं जुळवत राहिले आणि प्रत्येक वाक्य दुकानाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलं.

शेवटी त्यांनी वेळापत्रक केलं. मोठ्या कागदावर, दोन रंगांत, फलाटावर लावायचे तसं. प्रत्येक घरापुढे वेळ. "सुतार: सिनेमा साडेपाचनंतर. कोपऱ्यावरच्या मास्तरीण बाई: मुलाशी बोलणं पावणेसहा. दुकानवाल्या वहिनी: मालिका साडेपाच ते सहा." आणि मधोमध लाल चौकटीत: "पाच ते साडेपाच. कृपया वाट मोकळी ठेवावी. मंगळ, गुरु, शनि. दिलगीर आहे."

दुकानात तेव्हा पाच-सात जण होते. वेळकाकांनी कागद वहिनींच्या पुढ्यात ठेवला आणि लगेच निघायला वळले. वहिनींनी बाही धरली.

"थांबा की. हे काय?" त्यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "अगंबाई, माझ्या मालिकेची वेळ तुम्हाला पाठ आहे?"

"भिंतीतून… ऐकू येतं," वेळकाका पुटपुटले.

सुतार पुढे आला. थोराड माणूस, मिशीत भुसा. "काय वेळकाका, आयुष्यभर गाड्या उशिरा सोडल्यात आणि आता म्हातारपणी आम्हाला टाइम लावताय? दिवसभर रंधा मारून घरी आलो की एक सिनेमा बघतो, तेवढंही बघवत नाही का तुम्हाला?"

सगळे हसले. चेष्टाच होती. पण वेळकाकांचे कान तापले. त्यांनी जुळवलेलं एकही वाक्य सापडेना. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. आणि त्यांच्या मनात आलं, तिला हे रोज होतं. रोज, दिवसभर.

"ती बोलते," ते म्हणाले. "म्हणजे… एकदा बोलली. पाणी म्हणाली. पण तो शब्द पलीकडे पोचलाच नाही. वाटेत कुठेतरी पडला. तिला वाटलं, तिचंच चुकलं." त्यांना अजून सांगायचं होतं, केंद्राचं, तीन महिन्यांचं, रविवारचं. पण एवढंच निघालं.

 वहिनींनी गल्ल्यातून चिकटपट्टी काढली आणि कागद काचेवर लावला. चारही कोपरे अंगठ्याने दाबले. सुतार मिशीतला भुसा झटकत म्हणाला, "साडेपाच म्हणजे साडेपाच हं. एक मिनिट वर नाही."

पुढच्या मंगळवारी पाचला वस्ती अशी चिडीचूप झाली की वेळकाकांनाच संकोच वाटला. भिंतीपलीकडे सुताराचा टीव्ही बंद. मॅडमचा चेहरा स्वच्छ, आवाज खणखणीत. पाच मिनिटं. आणि मग चक्र. अर्ध्या मिनिटाने मॅडम परत आल्या. पाच मिनिटांनी परत गेल्या. साडेपाचपर्यंत पाच वेळा. गुरुवारी तसंच. पूर्वीपेक्षा कितीतरी बरं, पण दर वेळी ती काही सांगायला तोंड उघडे आणि समोरचा चेहरा दगड होई, आणि ती परत मिटून जाई.

वेळकाकांच्या मनात पाल चुकचुकली. कुणीतरी फसवतंय. आवाज बंद करून सिनेमा बघता येतोच की. गुरुवारी धडा संपल्यावर ते तडक शेजारी गेले. सुतार अंगणात लाकडावर पाय ठेवून ते कापत होता.

"तुम्ही… आत्ता… लावला होता का?"

सुताराने करवत थांबवली. "काय?"

"नाही, म्हणजे… आवाज बंद करून."

सुतार त्यांच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. "काका," तो हळू म्हणाला, "पाच वाजता मी बायकोचाही फोन काढून घेतो आणि इथे अंगणात येऊन बसतो. घरात बसलो तर हात जातो म्हणून." आणि त्याने करवत पुन्हा चालू केली.

वेळकाका मान खाली घालून घरी आले.

शुक्रवारी सकाळी तारवाली सह्यांचा अर्ज न्यायला आली होती. वहिनींनी तिला वेळकाकांकडे पाठवलं. तिने राउटर बघितला, खांब बघितला, पेटीपर्यंत जाऊन आली. "सगळं ठणठणीत आहे. वही दाखवा बघू."

वेळकाकांनी वही उघडली. तिचं बोट रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"काका, हे मंगळवारचं. पाच वाजून पाच, पाच दहा, पाच पंधरा… हे तुम्ही कधी मोजलंत?"

"तेव्हाच की. दर पाच मिनिटांनी."

"धडा चालू असताना?"

"हो. बाजूला बसून. फोनवर." वेळकाका जरा ताठ बसले. "एकही नोंद चुकवली नाही."

तारवालीने वही मांडीवर ठेवली. "काका, स्पीड मोजतात कशी, ठाऊक आहे? ते ॲप एकदम जेवढं मावेल तेवढं नेट ओढून बघतं, किती येतंय ते. अर्धं मिनिट सगळी वाट तेच अडवतं. रस्ता मोकळा आहे का बघायला तुम्ही दर पाच मिनिटांनी रस्त्यात दहा गाड्या आडव्या घालताय."

वेळकाकांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. पाच पाच. पाच दहा. पाच पंधरा. शेरा: "मॅडम थिजल्या." मॅडम थिजल्या म्हणून त्यांनी मोजलं नव्हतं. त्यांनी मोजलं म्हणून मॅडम थिजल्या होत्या.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

आतून ती आली होती. तिने तारवालीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. काय समजायचं ते समजली. मग डाव्या हाताची मूठ वळून तिने ती नवऱ्याच्या छातीवर आपटली. एकदा, दोनदा. मी नाही, हा.

"तेच ते," ती म्हणाली, आणि इतकी हसली की तिला खुर्चीत बसवावं लागलं.

दुपारी वेळकाका सुताराकडे गेले. माफी मागायची वाक्यं त्यांनी जुळवली नव्हती, त्यामुळे ती विसरायचाही प्रश्न नव्हता. "मीच होतो," ते म्हणाले. "मोजत होतो." आणि सगळं सांगितलं.

सुताराने कपाळाला हात लावला. "म्हणजे वस्तीला रस्त्यातून बाजूला करून तुम्ही स्वतः मधोमध खुर्ची टाकून बसलात!" मग जरा थांबून म्हणाला, "आणि त्या कपाटाला भोक मीच पाडलं होतं बरं का. तेव्हा काकूंनी मला दोन वेळा सुनावलं होतं, वाकडं पाडलं म्हणून. ऐकायला मिळालं पाहिजे परत."

चाचणीचा शनिवार उजाडला. पावणेपाचला वेळकाकांनी टॅब दोन पुस्तकांवर टेकवला, तिच्या केसांवरून कंगवा फिरवला. फोन बंद केला. वही लोखंडी कपाटात ठेवली आणि किल्ली लावून किल्ली तिच्या हातात दिली. मनगटावरचं घड्याळ सवयीने खुणावत होतं, म्हणून तेही काढून खिशात टाकलं.

पाचला बाहेरची एक एक खिडकी गप्प झाली. मॅडम आल्या. स्वच्छ, अख्ख्या. हसल्या ते हसू शेवटपर्यंत पोचलं.

मॅडमनी चित्रं दाखवायला सुरुवात केली. खुर्ची. ती बघत राहिली, बोलली नाही. चावी. तिने हातातली किल्ली वर करून दाखवली. मॅडम म्हणाल्या, "वा, हेही चालेल." दिवा. "दि…" म्हणून थांबली. मॅडम थांबल्या. "…वा." मॅडमनी टाळी वाजवली आणि टाळीचा आवाज टाळीबरोबरच आला. वेळकाकांनी मांडीवरचे हात घट्ट धरून ठेवले. ग्लास. तिने ग्लासकडे बघितलं, मग पडद्यातल्या चेहऱ्याकडे, संशयाने.

"पाणी," ती म्हणाली.

"पाणी!" मॅडम म्हणाल्या. लगेच. त्याच क्षणी. तिचे खांदे खाली आले. किती महिने ते वर धरलेले होते, हे वेळकाकांना आत्ता कळलं.

"आता चित्र नाही, काकू. एक प्रश्न. तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

ती वळली. नवऱ्याकडे बघू लागली. बघतच राहिली. ओठ मिटलेले, पापणीही लवत नव्हती. खोलीत काही हललं नाही.

"हॅलो?" पडद्यातून मॅडम म्हणाल्या. "काका? अडकलं वाटतं. माझा आवाज येतोय का? हॅलो?"

वेळकाकांनी मांडीवरचे हात सोडले. सुतार? वहिनी? की आपलाच फोन कुठे चालू राहिला? त्यांनी फळीकडे बघितलं. डब्यावरचे दिवे सगळे हिरवे. तरी ते उठायला लागले.

तिच्या डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. जिथे रोज घड्याळ असतं तिथे.

"थां… बा," ती म्हणाली. मग पडद्याकडे वळून, एक एक शब्द जागेवरून उचलून आणल्यासारखी, "अड… कलं नाही. शोध… तेय."

मॅडम आता खरंच अडकल्यासारख्या दिसत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "चुकलं माझं, काकू," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, लाईन गेली. तुम्ही शोधा. मी आहे इथेच." आणि मग वेळकाकांना, हळूच, "काका, केंद्रात ठेवायचं राहू दे. मंगळवारी, पाचला."

वेळकाका परत खुर्चीत बसले. मनगट तिच्या हातातच होतं. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत शोधत होती, घाई न करता, एखाद्या ओळखीच्या घरात एक एक खण उघडून बघावा तशी. पडद्यात मॅडम थांबल्या होत्या. भिंतीपलीकडे सुतार थांबला होता. दुकानात वहिनी, कोपऱ्यावर मास्तरीण बाई, अठ्ठावीस घरं आपापली कामं हातात धरून थांबली होती.

तिच्या ओठांचा कोपरा हलला. सापडत होतं काहीतरी.

किती वेळ गेला, हे कुणी विचारलं असतं तर वेळकाकांना त्या दिवशी सांगता आलं नसतं.